वरून गरम, आतून गार

जर्मनीतल्या साक्सेनरिंग ट्रॅकवर १३ वळणं आहेत. त्यांतली १० डावी, उजवी फक्त ३. तिसरं वळण उजवं आहे. त्यानंतर एकापाठोपाठ सात डावी वळणं येतात आणि मग ट्रॅक उजवीकडे वळता वळताच एकदम उताराला लागतो. हे अकरावं वळण. मोटोजीपी या मोटरसायकल शर्यतींचे स्वार इथे वर्षानुवर्षं पडत आले आहेत, विशेषतः सकाळच्या सत्रात आणि ढगाळ हवेत. हे जगातले सर्वोत्तम स्वार; त्यांना वळण घेता येत नाही असं कोण म्हणेल? खोट असते ती टायरच्या उजव्या कडेत. सात वळणं गाडी डावीकडे कललेली असताना डावी कड रस्त्यावर रगडली जाते आणि तापते. उजवी कड मात्र अर्ध्या मिनिटाच्या आसपास नुसती वारा खात असते. अकराव्या वळणावर सगळा भार अचानक तिच्यावर येतो आणि तोवर ती गार झालेली असते.

अर्ध्या मिनिटाच्या गारव्याची ही किंमत असेल, तर रात्रभर पिटमध्ये उभ्या असलेल्या गाडीच्या टायरचा विचार करा. त्या टायरवर पहिलंच वळण शर्यतीच्या वेगात घ्यायचं आहे. शर्यतीआधी मोटरसायकलच्या दोन्ही चाकांना विजेवर तापणारी ब्लँकेटं गुंडाळून ठेवलेली दिसतात, ती याचसाठी. त्यांना टायर वॉर्मर म्हणतात. टीव्हीवर शर्यत पाहणाऱ्याला हा मोठ्या संघांचा थाट वाटतो. खरं तर शर्यतीच्या सगळ्या सरंजामात पदार्थविज्ञानाशी इतकं थेट नातं असलेली दुसरी वस्तू क्वचितच सापडेल.

शाळेत शिकलेला घर्षणाचा नियम सांगतो की घर्षण फक्त वजनावर आणि दोन पृष्ठभागांच्या जातीवर अवलंबून असतं. रबर हा नियम पाळत नाही. रबर म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या लांबलचक रेणूसाखळ्या, गंधकाच्या टाक्यांनी जागोजागी जोडलेल्या. (चार्ल्स गुडइयरला या गंधकप्रक्रियेचं अमेरिकी पेटंट १८४४ मध्ये मिळालं. त्याआधीचं रबर उन्हाळ्यात चिकट आणि हिवाळ्यात ठिसूळ व्हायचं.) या साखळ्या डांबरी रस्त्याला दोन तऱ्हांनी धरतात. एक, रबराचे रेणू खडीच्या पृष्ठभागाला क्षणभर चिकटतात, सुटतात, पुन्हा चिकटतात. दोन, खडीची टोकं रबरात घुसतात, रबर दबतं आणि टोक पुढे सरकल्यावर पूर्ववत होऊ लागतं. पण दबताना घेतलेली सगळी ऊर्जा ते परत करत नाही. जी ऊर्जा ते स्वतःत जिरवतं तीच घसरण्याला विरोध करते, आणि तिचीच उष्णता होते. मोटरसायकल ४५ अंश कलते तेव्हा टायरला गाडीच्या आणि स्वाराच्या एकत्र वजनाइतकंच बळ आडव्या दिशेने पेलावं लागतं. मोटोजीपीत हा कल ६० अंशांच्या पुढे जातो.

आता तापमानाचा संबंध. रबर हळू दाबलं तर मऊ लागतं, फटकन दाबलं तर ताठ लागतं. घसरणाऱ्या टायरच्या पृष्ठभागावर खडीची बारीक टोकं सेकंदाला हजारो वेळा आघात करतात; त्याहून सूक्ष्म खडबडीतपणाचा विचार केला तर हा आकडा लाखांत जातो. इतक्या घाईत रेणूसाखळ्यांना हलायला सवडच मिळत नाही आणि टायर हाताला कितीही मऊ लागला तरी रस्त्याशी तो ताठरपणे वागतो. तापवलं की साखळ्या चपळ होतात आणि तीच घाई त्यांना झेपते. म्हणजे रबराच्या दृष्टीने वेग वाढणं आणि तापमान उतरणं या जवळपास एकाच गोष्टी आहेत. विल्यम्स, लँडेल आणि फेरी यांनी हे नातं १९५५ मध्ये एका समीकरणात बांधलं. पुढे १९६३ मध्ये के. ए. ग्रॉश यांनी रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात दाखवून दिलं की रबराचं घर्षणसुद्धा याच नात्याने चालतं: निरनिराळ्या तापमानांना आणि निरनिराळ्या वेगांना घेतलेली मोजमापं एकाच वक्ररेषेवर आणून बसवता येतात. त्या रेषेला एक शिखर आहे. टायर बनवणाऱ्यांची सारी धडपड असते ती हे शिखर आपल्याला हव्या त्या तापमानाला आणायची.

रोजच्या वापराच्या टायरमध्ये ते अशा ठिकाणी आणलेलं असतं की पहाटे गाडी बाहेर काढली तरी पकड मिळावी. शर्यतीच्या स्लिक, म्हणजे बिनखाचांच्या, टायरचं गणित वेगळं. त्याचं रबर ८० अंश सेल्सिअसच्या पुढे रंगात येतं आणि गार असताना साध्या टायरपेक्षाही वाईट वागतं. ट्रॅकवरून आलेला टायर जवळून पाहिला की काय झालं ते वाचता येतं. पुरेसं न तापता रगडलेलं रबर वाकण्याऐवजी फाटतं; पृष्ठभागावर बारीक खवले उठतात आणि नख फिरवलं की ते एकेक करून अडकतात. अति तापलेल्या टायरवर तेलकट तुकतुकी येते, कधी रबराखाली फोड धरतात. असा टायर स्वाराला सरकत्या जमिनीवर असल्यासारखा वाटतो. म्हणजे योग्य तापमानाची खिडकी दोन्ही बाजूंनी बंद होते, आणि वॉर्मरचं काम तिच्या खालच्या चौकटीपर्यंत टायरला पोचवण्याचं आहे.

वॉर्मरची रचना साधी आहे. बाहेरून आग न धरणारं कापड, मध्ये उष्णतारोधक थर, आतल्या बाजूला तापणाऱ्या तारा किंवा कार्बनचे धागे आणि तापमान राखणारा थर्मोस्टॅट. गाडी पुढच्या-मागच्या स्टँडवर उचलायची, चाक मोकळं फिरलं पाहिजे, पट्टा टायरभोवती घट्ट लपेटायचा, जोडाशी फट ठेवायची नाही, कडेच्या झालरी रिमवर ओढून घ्यायच्या. जिथे कापड टायरपासून सुटून राहतं तिथे टायर गार राहतो, आणि नेमका तोच भाग चाकाच्या दर फेऱ्यात रस्त्यावर येतो. एका जोडीला साधारण हजारेक वॅट वीज लागते. बहुतेक ठिकाणी ती जनरेटरवरूनच घ्यावी लागते.

यातली कळीची गोष्ट आहे वेळ, आणि नवशिके नेमके तिथेच घाई करतात. वीस मिनिटांत वॉर्मरचा दिवा सांगतो की ८० अंश झाले. ते पृष्ठभागाचे झालेले असतात. रबर उष्णतेचं फार वाईट वाहक आहे: त्याची वाहकता मीटरला आणि अंशाला सुमारे ०.२ वॅट, तर शुद्ध ॲल्युमिनियमची त्याच्या हजारपटीहून जास्त. शिवाय उष्णता आत मुरायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो. सेंटीमीटरभर रबर पार करायला सुमारे पाव तास लागत असेल, तर दुप्पट जाडीला तासभर लागेल. आणि त्या उष्णतेला टायरच्या दोऱ्यांच्या सांगाड्यातून आतल्या हवेपर्यंत आणि रिमपर्यंत पोचायचं असतं. जाड थालीपीठ मोठ्या आचेवर टाकलं की वरून खमंग दिसतं आणि मोडलं की आत पीठ कच्चं असतं, तसं हे आहे. फरक इतकाच की इथला कच्चेपणा दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर कळतो. वरची ऊब वारा आणि थंड गाभा दोन्हीकडून ओढून घेतात, पृष्ठभागाचं तापमान झपाट्याने उतरतं, आणि स्वार मात्र टायर गरम आहे या भरवशावर गाडी कलवतो. म्हणूनच जाणते मेकॅनिक तासाभराआधी वॉर्मर चढवतात आणि दिव्यावर न विसंबता सुईचा तापमापक रबरात खुपसून खोलवरचा आकडा बघतात.

दुसरी गोष्ट हवेच्या दाबाची, आणि माझ्या मते वॉर्मरचा निम्मा फायदा इथेच आहे. बंद जागेतल्या हवेचा दाब तिच्या निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढतो. सकाळी २५ अंशांना टायरमध्ये २५ पीएसआय हवा भरली तर ८० अंशांना गेज ३२ च्या जवळ दाखवेल. हिशोब सोपा आहे: गेजच्या आकड्यात वातावरणाचे १४.७ मिळवायचे, ३५३ ने गुणून २९८ ने भागायचं आणि १४.७ पुन्हा वजा करायचे. सात पीएसआयचा हा फरक टायरचा आकार, रस्त्याला टेकणारं क्षेत्र आणि सांगाड्याचं वाकणं, सगळंच बदलून टाकतो. गार टायरमध्ये दाब अंदाजाने भरणारा दर सत्रात वेगळाच टायर चालवत असतो. पूर्ण मुरलेल्या टायरचा दाब ठराविक तापमानाला मोजला की तो आकडा भरवशाचा ठरतो.

हा दाब किती निर्णायक असतो ते २ मार्च २०२५ रोजी थायलंडमधल्या बुरीराम इथल्या मोटोजीपी शर्यतीत दिसलं. मार्क मार्केझ आघाडीवर होता, मागून कोणी त्याला गाठण्याची चिन्हं नव्हती, आणि तरीही त्याने अचानक वेग कमी करून धाकटा भाऊ ॲलेक्सला पुढे जाऊ दिलं. पाहणाऱ्यांना वाटलं, गाडी बिघडली. प्रत्यक्षात त्याच्या पुढच्या टायरचा दाब कमी भरत होता. मोटोजीपीच्या नियमानुसार मुख्य शर्यतीच्या किमान ६० टक्के फेऱ्यांत पुढच्या टायरचा दाब १.८० बारच्या खाली असता कामा नये. नाहीतर १६ सेकंदांचा दंड. आघाडीवरच्या गाडीच्या पुढच्या चाकाला मोकळी, ताजी हवा लागते आणि ते गार राहतं. दुसऱ्याच्या मागे राहिलं की त्याच्या गाडीने तापवलेली, मंदावलेली हवा मिळते. बुरीरामच्या उकाड्यात मार्केझ भावाच्या मागे चिकटून राहिला, टायर तापला, दाब चढला, आणि शेवटच्या फेऱ्यांत पुन्हा पुढे जाऊन त्याने शर्यत जिंकली. वर वापरलेलाच हिशोब इथे लावला तर ०.०५ बार दाब वाढवायला टायरमधली हवा सहा-साडेसहा अंशांनी तापवावी लागते. हे गणित डोक्यात ठेवून ताशी तीनशेच्या वेगात डावपेच आखायचा, याला मी पदार्थविज्ञानाची उत्तम समज म्हणेन.

वीज आणि खर्च वाचवण्यासाठी वॉर्मर बंदच करावेत, असाही एक विचार आहे. मोटारींच्या जागतिक एन्ड्युरन्स मालिकेने २०२३ मध्ये तशी बंदी घातली. एप्रिलमध्ये बेल्जियममधल्या स्पा ट्रॅकच्या थंडीत पिटमधून गार टायरवर निघालेल्या गाड्या घसरून आदळल्या आणि जूनमधल्या ल मां शर्यतीपुरते वॉर्मर परत आणावे लागले. फॉर्म्युला वननेही २०२४ साठी आखलेला असाच बेत सोडून दिला. चारचाकीत निदान चालकाभोवती पिंजरा तरी असतो. दुचाकीवर पहिली चूक थेट अंगावर येते, म्हणून दुचाकीच्या शर्यतीत ही काटकसर मला पटत नाही.

आपल्याकडचं काय? पुण्या-मुंबईची पोरं ट्रॅकवर गाडी चालवायला चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला किंवा कोइम्बतूरला जातात. चाकणला तयार होणारी केटीएम आरसी ३९० अनेक देशांत नवोदितांच्या शर्यतींत धावली आहे आणि इथेही ती अनेकांची पहिली ट्रॅकची गाडी असते. ती रस्त्याच्या टायरवर चालवायची असेल तर वॉर्मरची गरज नाही. उन्हाळ्यात दुपारी तिथलं डांबर ५० अंशांपुढे जातं. दोन फेऱ्या बेताने मारल्या की असा टायर तयार होतो. त्याला वॉर्मरमध्ये कोंडून फायदा काहीच नाही. स्लिक घातले असतील तर मात्र भर उन्हातसुद्धा वॉर्मर हवेत, कारण हवेचे ४० अंश म्हणजे ८० चा निम्माच रस्ता. शिवाय प्रत्येकदा पूर्ण गार होऊन पुन्हा तापताना रबर थोडं थोडं कडक होत जातं, म्हणून दोन सत्रांच्या मध्ये टायर वॉर्मरमध्येच ठेवला तर तो जास्त दिवस साथ देतो. हातात पैसे मोजके असतील तर मी आधी चांगला गेज घ्यायला सांगेन, वॉर्मर नंतर.

गाडी नागमोडी चालवली की टायर तापतो, हा समज चारचाकींच्या शर्यती पाहून आला आहे. दुचाकीत तो फारसा खरा नाही. टायरचा सांगाडा वाकतो तो जोराच्या ब्रेकने आणि ॲक्सिलरेशनने, आणि उष्णता तिथून निर्माण होते. म्हणून वॉर्मर नसेल तर पहिल्या फेरीत सरळ पट्ट्यावर दोन्ही नीट वापरावेत आणि वळणात गाडी कमी कलवावी. वॉर्मर असला तरी पिटच्या रांगेत पाच-सात मिनिटं ताटकळल्यावर वरची ऊब उतरलेली असते. मग मुरलेला गाभाच तेवढा कामी येतो.

ही माहिती रविवारी ताम्हिणी किंवा वरंधा घाटात जाणाऱ्यांना मुद्दाम सांगायची आहे, कारण ट्रॅकचे टायर चढवून घाटात जाण्याची हौस वाढते आहे. डिसेंबरच्या सकाळी घाटातला रस्ता दहा-पंधरा अंशांवर असतो. ट्रॅकच्या टायरला तापवायला जितका जोराचा ब्रेक आणि जितका कल लागतो, तितका सार्वजनिक रस्त्यावर कोणी शहाणा माणूस करणार नाही, करूही नये. तो टायर घाट संपेपर्यंत गारच राहतो, आणि शेजारून जाणाऱ्या साध्या कम्यूटर बाइकच्या टायरची पकड त्याच्याहून चांगली असते.