उद्याच्या पुण्यात आजचे घर

'घर पाहावे बांधून' असे जुनी माणसे म्हणत. पुण्यासारख्या शहरात आता घर बांधणारे थोडे आणि विकत घेणारे फार. विटा, वाळू आणि गवंडी यांच्याशी झगडण्याचे कष्ट संपले. त्यांची जागा कागदपत्रे, कर्जाचे हप्ते आणि पाण्याच्या टँकरने घेतली. आयुष्यभराची पुंजी आणि पुढील वीस वर्षांची मिळकत ज्या एका व्यवहारात गुंतते, तो व्यवहार अनेकदा नमुना सदनिकेतील पडदे आणि दिवे पाहून ठरतो, ही मात्र काळजी वाटावी अशी गोष्ट आहे.

वाढत्या शहरातील घराच्या किमतीत दोन गोष्टींचे मोल मिसळलेले असते. एक, आज जागेवर जे उभे आहे त्याचे. दुसरे, उद्या जे होणार असे सांगितले जाते त्याचे. होऊ घातलेला रस्ता, येऊ घातलेली मेट्रो, मिळणार असलेले महापालिकेचे पाणी या साऱ्यांची किंमत ग्राहक आजच मोजतो. त्यामुळे घर पाहताना पहिला प्रश्न 'दर काय?' हा नसून 'यातले हक्काचे काय आणि आश्वासनाचे काय?' हा असला पाहिजे.

गावांचे शहर होताना

१९५० साली पुणे महापालिका स्थापन झाली, तेव्हाचे शहर पेठा, लष्कर आणि त्यांना लागून वसलेली उपनगरे एवढ्यात सामावत असे. पुढे पिंपरी-चिंचवडची कारखानदारी आली, नंतर हिंजवडी, खराडी, मगरपट्टा येथील माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्या आल्या आणि शहर चहूबाजूंनी पसरले. २०१७ मध्ये उंड्री, धायरी, आंबेगाव आदी ११ गावे महापालिकेत आली. २०२१ मध्ये वाघोली, सूस, म्हाळुंगे, नऱ्हे, बावधन बुद्रुक, पिसोळी यांसह आणखी २३ गावांचा समावेश झाला आणि पुणे ही क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठी महापालिका ठरली.

या गावांत इमारती आधी आल्या आणि महापालिका नंतर. ग्रामपंचायतीच्या काळातील अरुंद रस्ते, ओढ्याकाठची बांधकामे आणि अपुऱ्या नळयोजना यांच्यावरच बहुमजली संकुलांचा भार पडला. मध्यवर्ती भागातील घर परवडत नाही म्हणून सामान्य नोकरदार जेथे जातो, तो हाच पट्टा. म्हणजे ज्याला चुकीची किंमत सोसणे सर्वांत अवघड, त्याच्याच वाट्याला सर्वाधिक अनिश्चितता येते.

तोंडी शब्द आणि नोंदलेला करार

केंद्राचा स्थावर संपदा कायदा २०१६ चा. महाराष्ट्रात त्यानुसार 'महारेरा' हे प्राधिकरण मे २०१७ पासून काम करू लागले. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरील आणि आठपेक्षा अधिक सदनिकांच्या प्रकल्पाची तेथे नोंदणी केल्याखेरीज विकासकाला जाहिरातही करता येत नाही. नोंदणी क्रमांक टाकला की महारेराच्या संकेतस्थळावर मंजूर आराखडे, जमिनीच्या मालकीविषयी वकिलाचा अहवाल, प्रकल्पावरील कर्जाचा बोजा, न्यायालयीन दावे आणि काम पूर्ण करण्याची जाहीर केलेली तारीख पाहता येते. विक्री कार्यालयात सांगितलेली तारीख आणि येथे नोंदवलेली तारीख यांत फरक आढळला, तर नोंदवलेली तारीखच खरी मानावी.

या कायद्यातील काही तरतुदी प्रत्येक ग्राहकाला तोंडपाठ असाव्यात. करार नोंदवल्याशिवाय विकासकाला सदनिकेच्या किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम त्याच प्रकल्पाची जमीन आणि बांधकाम यांसाठी वेगळ्या बँक खात्यात ठेवावी लागते. ठरलेल्या मुदतीत ताबा मिळाला नाही, तर ग्राहक व्याजासह पैसे परत मागू शकतो किंवा घर कायम ठेवून विलंबाच्या प्रत्येक महिन्याचे व्याज मागू शकतो. ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामात दोष आढळला, तर तो विकासकाने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा असतो.

राज्याच्या नियमांसोबत दिलेल्या आदर्श करारनाम्यात हप्त्यांच्याही मर्यादा आहेत. जोते पूर्ण होईपर्यंत एकूण ४५ टक्के, सर्व स्लॅब पडेपर्यंत ७० टक्के आणि अखेरचे ५ टक्के ताब्याच्या वेळी, असा तो क्रम. बांधकाम पुढे जाईल तसे पैसे पुढे जावेत, हे त्यामागचे तत्त्व. 'आज सगळे भरा, दरात सूट देतो' असे सांगितले जाते तेव्हा हे तत्त्वच मोडले जात असते.

माहितीपत्रकातील तरणतलाव, क्लबहाऊस, बाग यांचा उल्लेख कराराच्या परिशिष्टात आहे का, हे पाहावे. वाहनतळाचेही तसेच. उघड्यावरील वाहनतळ ही सामाईक जागा असून ती विकता येत नाही. तळमजल्यावरील खांबांमधली जागाही स्वतंत्रपणे विकता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राज्याच्या मालकी सदनिका कायद्याच्या आधारे सांगितले होते. आच्छादित वाहनतळ मिळणार असेल, तर त्याचा क्रमांक आणि मापे करारात लिहून घ्यावीत.

जमिनीचे मूळ

इमारत नवी असली, तरी तिच्याखालच्या जमिनीला इतिहास असतो. काल-परवापर्यंत शेती असलेल्या गावांत तर तो बारकाईने वाचावा लागतो. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यात बँकेचा बोजा, कुळाची नोंद किंवा बहिणींचे वारसाहक्क दडलेले असू शकतात. जमीन भोगवटादार वर्ग २ ची असेल, तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तिचे हस्तांतरण अडते. फेरफार नोंदी, अकृषिक वापराची स्थिती, विकास आराखड्यातील आरक्षण दाखवणारा झोन दाखला आणि किमान तीस वर्षांचा मालकी शोध अहवाल हे सारे स्वतःच्या वकिलाकडून तपासून घ्यावे. बँकेने प्रकल्पाला कर्ज मंजूर केले, एवढ्यावर विसंबू नये. बँकेचा वकील बँकेचे हित पाहतो. ग्राहकाचे हित पाहणारा वकील ग्राहकालाच नेमावा लागतो.

स्वस्त घराच्या शोधात अनेक जण गुंठेवारीकडे वळतात. शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्याचे तुकडे पाडून त्यांवर उभ्या राहिलेल्या इमारतींत सदनिका निम्म्या दरानेही मिळते. पण बांधकाम परवानगी नाही, मोठी बँक कर्ज देत नाही आणि व्यवहार नोटरीपुढे केलेल्या करारावर उरकलेला, असे चित्र असेल, तर ती स्वस्ताई नव्हे. नोटरीचा शिक्का म्हणजे दस्तनोंदणी नव्हे. मालकीला आधार मिळतो तो दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेल्या दस्ताचा.

चौरस फुटांचे कोडे

पूर्वी 'सुपर बिल्ट-अप' क्षेत्रफळावर दर सांगितला जाई आणि जिना, लिफ्ट, व्हरांडा यांचा वाटा सदनिकेच्या आकारात मिसळे. आता व्यवहार चटई क्षेत्रावर करणे बंधनकारक आहे. कायद्याच्या व्याख्येनुसार चटई क्षेत्रात आतील भिंतींची जाडी धरली जाते. बाहेरील भिंती, बाल्कनी आणि गच्ची धरली जात नाही. दोन प्रकल्पांची तुलना करताना एकूण किमतीला याच क्षेत्राने भागावे. स्वस्त वाटणारे घर अनेकदा या भागाकारानंतर महाग ठरते.

पाणी आधी, दृश्य नंतर

पुण्याची तहान प्रामुख्याने खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांच्या साखळीवर भागते. परंतु महापालिकेची हद्द वाढली म्हणजे जलवाहिनीही त्याच दिवशी दारी येते, असे नाही. समाविष्ट गावांतील अनेक संकुले वर्षातील मोठा काळ टँकरवर अवलंबून असतात. काही प्रकल्पांना परवानगी देताना 'सार्वजनिक पाणीपुरवठा होईपर्यंत पाण्याची सोय विकासक करील' असे हमीपत्र घेतलेले असते. ते मागून पाहावे. ते नसेल किंवा पाळले जात नसेल, तर टँकरचा खर्च मासिक देखभाल शुल्कातून रहिवाशांच्याच माथी येतो. शेजारच्या संकुलातील एखाद्या गृहिणीला 'एप्रिल-मे महिन्यांत पाणी किती वेळ येते?' एवढे विचारले, तरी माहितीपत्रकात नसलेली माहिती मिळते.

पाण्याची दुसरी बाजू पुराची. पानशेत धरण फुटल्याचे १२ जुलै १९६१ चे स्मरण जुन्या पुण्याला आहे. पण पूर केवळ नदीचा नसतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने सहकारनगर, अरण्येश्वर परिसरात हाहाकार उडवला. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत घरांमध्ये पाणी शिरले. नदीकाठी घर घेताना निळी आणि लाल पूररेषा नकाशावर कोठून जाते, हे पाहावे. ओढ्याकाठी घेताना मूळ प्रवाह बुजवलेला तर नाही ना, हे जुन्या ग्रामस्थांना विचारावे. कोरड्या दिवसांत 'नदीदर्शन' म्हणून विकली जाणारी सदनिका एकदा पावसाळ्यातही पाहून यावी.

रस्त्याबाबतही तोच न्याय. विकास आराखड्यात रेघ आहे म्हणजे रस्ता आहे, असे होत नाही. भूसंपादन होईपर्यंत ती रेघ कागदावरच राहते. सकाळी नऊ वाजता, भर पावसात, त्या घरापासून कार्यालयापर्यंत एकदा स्वतः प्रवास करून पाहणे, ही परीक्षा साधी आणि बिनखर्चाची आहे.

सांगितलेली किंमत, मोजलेली किंमत

एखाद्या बांधकाम चालू असलेल्या सदनिकेची करारातील किंमत ७० लाख रुपये आहे, असे समजू. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क आणि अधिभार मिळून ७ टक्के, म्हणजे ४ लाख ९० हजार. खरेदी केवळ महिलेच्या नावावर असेल, तर त्यात एक टक्का सवलत मिळते. नोंदणी शुल्क कमाल ३० हजार. वस्तू व सेवा कर ५ टक्के, म्हणजे साडेतीन लाख. भोगवटापत्र मिळालेल्या तयार सदनिकेला हा कर लागत नाही. अशा रीतीने सांगितलेले ७० लाख मोजताना ७८ लाख ७० हजार होतात. देखभालीची आगाऊ रक्कम आणि अंतर्गत सजावट वेगळीच. किंमत ५० लाख वा त्याहून अधिक असल्यास खरेदीदाराने विकासकाच्या रकमेतून १ टक्का आयकर कापून सरकारजमा करायचा असतो, हेही अनेकांना उशिरा कळते.

यासाठी ५० लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे ४३,४०० रुपये येतो. मुदतीअखेर बँकेला एकूण १ कोटी ४ लाखांहून अधिक रक्कम दिलेली असते. व्याज मुद्दलापेक्षा जास्त. शिवाय बांधकाम रखडले, तर हप्ता आणि सध्याच्या घराचे भाडे असा दुहेरी भार पडतो. म्हणून विलंबाची किमान एक वर्षाची झळ सोसता येईल, एवढी शिल्लक आधी बाजूला काढावी आणि मगच घराचा आकार ठरवावा. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीसाठी दंड लागत नाही. बोनस किंवा वाढीव पगार मिळाला की थोडे-थोडे मुद्दल फेडत गेल्यास व्याजाचा डोंगर लक्षणीय उतरतो.

किल्ली मिळाली, पुढे?

भोगवटापत्राशिवाय ताबा घेऊ नये. घाईने, मुहूर्त साधण्यासाठी किंवा मुलांच्या शाळा सुरू होत आहेत म्हणून घेतलेला असा ताबा पुढे नळजोडापासून पुनर्विक्रीपर्यंत अडचणी निर्माण करतो. निम्म्याहून अधिक सदनिकांची नोंदणी झाल्यावर तीन महिन्यांत गृहनिर्माण संस्था स्थापन होणे आणि त्यानंतर जमिनीचे अभिहस्तांतरण संस्थेच्या नावे होणे कायद्याला अपेक्षित आहे. सदनिकेचा करार झाला म्हणजे जमीन आपली झाली, या समजुतीत कित्येक संस्थांची वर्षे गेली आणि पुनर्विकासाची वेळ आली तेव्हा जमीन अजून जुन्या मालकाच्याच नावावर असल्याचे उघड झाले. अशांसाठी २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग खुला केला आहे. विकासक टाळाटाळ करीत असेल, तरी संस्थेला सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून जमिनीचा हक्क मिळवता येतो.

शहर वाढणार, हे निश्चित. त्याच्या वाढीत आपलाही एक कोपरा असावा, ही इच्छा रास्तच आहे. मात्र वाढीची गती विक्री कार्यालयातील नकाशा ठरवीत नाही. ती धरणातले पाणी, संपादित झालेली जमीन आणि सरकारी तिजोरीतला पैसा ठरवतो. जे आज जागेवर आहे त्याची किंमत मोजावी, जे लेखी आणि नोंदलेले आहे त्यावर विश्वास ठेवावा आणि उरलेले सारे मिळाले तर लाभ समजावा. या हिशेबाने निवडलेले घर कदाचित दोन खोल्यांनी लहान असेल, चार वर्षांनी जुने असेल. पण महिन्याचा हप्ता भरून झाल्यावर तेथे रात्री निवांत झोप लागेल.