मामाच्या गावाला गेलेल्या मुली

ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये ‘सिंगल मदर’ म्हणताना आपण सहज बोलून जातो. पेपरात मात्र अजून ‘कुमारी माता’ असंच छापून येतं. या बायांसाठी सव्वाशे वर्षांपूर्वी पुण्याजवळ एक घर उभं राहिलं होतं. ते उभं करणारी बाई आपल्याला शाळेच्या पुस्तकात भेटलेली आहे, पण अर्धीच!

नववीत असताना आमच्या वर्गातली एक मुलगी दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत आलीच नाही. दर्यापूर तसं लहानसं तालुक्याचं गाव, कोण कुठे गेलं हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना माहीत. पण या एका बाबतीत सगळं गाव एकदम भोळं झालं. आजीला विचारलं तर म्हणाली, “पोट्टी मामाच्या गावले गेली बाप्पा, तुले काय करायचं?” वर्षभरानं ती मला बाजारात दिसली, आईच्या मागे मागे, मान खाली घालून. मी हाक मारली नाही, आणि तिनंही ओळख दाखवली नाही. बारावीपर्यंत आम्हा सगळ्याच मुलींना कळून चुकलं होतं, की आमच्या गावातल्या काही मुलींना असा एक मामा असतो आणि त्याचा पत्ता कुणीच सांगत नाही.

आता पुण्यात राहते. घरी जायचं तर मूर्तिजापूरला उतरायचं आणि पुढे एसटी. (आमच्या बनोसा स्टेशनवर येणारी शकुंतला आता बंद पडलीय, नाहीतर छोट्या गाडीनं रमतगमत जायची मजा होती!) पुणं सुटल्यावर तासाभरात, दौंडच्या अलीकडे केडगाव लागतं. रात्रीची गाडी असेल तर तुम्हाला दिसणारही नाही. इथंच आहे पंडिता रमाबाई मुक्ती मिशन.

रमाबाई म्हटलं की आपल्याला काय आठवतं? संस्कृत पंडिता, विधवांची शाळा, झालंच तर धर्मांतर आणि लोकमान्य टिळकांशी झालेला वाद. पाच मार्कांचं उत्तर संपलं. मुक्तीच्या आवारात ‘कृपासदन’ नावाचं एक वेगळं घर होतं, ते कुठल्याच गाइडमध्ये नसतं. ज्यांना तेव्हा ‘पतित’ म्हणायचे त्या बायांसाठीचं हे घर. फसवल्या गेलेल्या, बळजबरी झालेल्या, लग्नाशिवाय दिवस राहिलेल्या, घरातून हाकललेल्या बायका. १८९९च्या सुमारास ते सुरू झालं.

मला यातलं सगळ्यात भन्नाट काय वाटतं सांगू? रमाबाईंची श्रद्धाच मुळात अशा एका घरातून सुरू झाली.

फुलहॅमची भेट

थोडा फ्लॅशबॅक. रमाबाईंचा जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं आणि त्यासाठी लोकांचा रोष पत्करला. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आई-वडील गेले. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास अर्धपोटी देशभर चालत राहिले. १८७८मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी या विशीतल्या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ अशा पदव्या दिल्या. पुढे भाऊही गेला. १८८०मध्ये त्यांनी बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा, लग्न रजिस्टर! १८८१मध्ये मनोरमा झाली आणि १८८२मध्ये कॉलऱ्यानं नवरा गेला. चोविसाव्या वर्षी पदरात बाळ, माहेर नाही, सासर नाही.

१८८३मध्ये त्या मेडिकल शिकायला इंग्लंडला गेल्या. वाँटेजच्या जोगिणींच्या मठात उतरल्या. तिथल्या सिस्टर्सनी त्यांना लंडनजवळ फुलहॅमला नेलं, तिथलं काम दाखवायला. ते काम म्हणजे ‘बिघडलेल्या’ बायांची सेवा. समाजानं टाकलेल्या बाईशी कुणी इतक्या मायेनं वागतं, हे रमाबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. आपल्याकडच्या धर्मग्रंथांत अशा बाईला शिक्षा आहे, हे त्यांना तोंडपाठ माहीत होतं. त्यांनी सिस्टर्सना सरळ विचारलं, की तुम्ही हे का करता? उत्तरादाखल येशू आणि शोमरोनी बाईची गोष्ट ऐकायला मिळाली. विहिरीवर आलेली, पाच नवरे झालेली ती बाई, आणि तिच्याशी बरोबरीनं बोलणारा येशू. पुढे आपल्या आत्मकथनात रमाबाईंनी हा प्रसंग मुद्दाम सांगितला आहे. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पण म्हणून चर्चपुढे मान तुकवली असं समजू नका हं! त्यांनी पुरुषांना शिकवावं हे काही बिशपांना पसंत नव्हतं, तेव्हा बाईंनी खणखणीत उत्तर पाठवलं. सिस्टर जेराल्डिनबरोबरचा त्यांचा पत्रव्यवहार वाचला तर कळतं, धर्म स्वीकारला पण डोकं गहाण ठेवलं नाही. रीतसर पाद्री त्या कधीच नव्हत्या. मुक्तीत मात्र प्रार्थनेपासून विहीर खणण्यापर्यंत शब्द त्यांचाच.

छावणीतल्या मुली

भारतात परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं. ते पुढच्या वर्षी पुण्यात आलं. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढच्या बाया कर्वे. १८९३मध्ये वादळ उठलं. सदनात मुलींना ख्रिस्ती करतात असा आरोप झाला, ‘केसरी’नं झोड उठवली, पालकांनी मुली काढून नेल्या.

मग आला १८९६-९७चा दुष्काळ. रमाबाई आपल्या वऱ्हाडाला लागून असलेल्या मध्य प्रांतात गेल्या. सरकारी छावण्या आणि गरीबखाने त्यांनी स्वतः फिरून पाहिले. मुलींचा सौदा चालला होता, मूठभर धान्यासाठी. ज्यांनी राखण करायची त्या मुकादमांपासूनच मुली सुरक्षित नव्हत्या. स्वतः दुष्काळात भीक मागितलेली बाई हे बघून परत कशी फिरेल? तीनशेच्या आसपास मुली-बायका घेऊन त्या आल्या आणि केडगावच्या शेतजमिनीवर मुक्ती उभी राहिली. १९००च्या दुष्काळानंतर तिथं दोन हजारांच्या घरात माणसं होती. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, सगळं बायकाच चालवायच्या.

या गर्दीतच कृपासदनाची गरज पडली. मुलगी पोटुशी आली तर तिला कुठे ठेवायचं? शारदा सदनात ठेवलं असतं तर बाकीच्यांचे पालक पुन्हा मुली काढून नेणार! म्हणून वेगळं घर. आज आपल्याला ‘वेगळं’ हा शब्द खटकतो. मलाही खटकला. पण त्या काळात अशा बाईसमोरचे पर्याय आठवा: विहीर, कोठा किंवा बाळाच्या नरड्याला नख.

हे मी उगाच भडक लिहीत नाहीये. १८८१मध्ये सुरतच्या कोर्टानं विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला स्वतःच्या बाळाच्या खुनाबद्दल फाशी सुनावली होती (अपिलात ती टळली). वर्तमानपत्रं बायकांच्या ‘बिघडलेपणा’वर तुटून पडली. त्यावर १८८२मध्ये सणसणीत उत्तर कुणी लिहिलं? आपल्या वऱ्हाडातल्या, बुलडाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी! ‘स्त्रीपुरुषतुलना’मधला त्यांचा सवाल सोपा होता. पाप दोघांचं, मग शिक्षा एकटीला का? त्याआधी १८६३मध्ये जोतिबा आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. तिथं जन्मलेल्या एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला त्यांनी दत्तक घेतलं, तोच यशवंत. रमाबाईंवर टीका होत असताना जोतिबा त्यांच्या बाजूनं उभे राहिले, यात नवल ते काय?

‘पण धर्म तर बदलायला लावला ना?’ हा प्रश्न माझ्या ऑफिसमधल्या मित्रानं विचारलाच. प्रश्न टाळण्यासारखा नाही. शारदा सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थ राहायचं ठरलं होतं, मुक्ती मात्र उघड उघड ख्रिस्ती होती. जेवण, शिक्षण आणि प्रार्थना एकाच आवारात असताना तिथं आलेल्या उपाशी पोरीला ‘नको’ म्हणायची कितपत मोकळीक होती, ही शंका मला आहे. पण तिला घरात घ्यायला तेव्हा दारात रांग लागली होती असंही नाही.

आई आणि लेक

मनोरमाबाईंबद्दल आपण फार कमी बोलतो. दोन वर्षांची असताना इंग्लंड, मग परत, मग पुन्हा शिक्षणासाठी परदेश. आई सगळ्यांची, त्यामुळे लेकीच्या वाट्याला थोडी कमीच. तरी ती परत आली, शारदा सदनाची मुख्याध्यापिका झाली, आंधळ्या बायांना शिकवता यावं म्हणून ब्रेल शिकली. १९२१च्या जुलैत, चाळिशीत, ती गेली. रमाबाई तेव्हा मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या, तेही साध्या बायांना कळेल अशा मराठीत. लेक गेल्यावरही त्यांनी काम सोडलं नाही. ते पुरं करून ५ एप्रिल १९२२ला त्या गेल्या. पुस्तक नंतर छापून झालं.

आपल्याकडे आज

आमच्या बाजूला, अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरला, शंकरबाबा पापळकरांचा आश्रम आहे. ख्रिस्ती नाहीत, गाडगेबाबांना मानणारे. टाकून दिलेली, त्यातही दिव्यांग, १२३ मुलं त्यांनी सांभाळली आणि सगळ्यांच्या कागदांवर बापाच्या जागी स्वतःचं नाव लावलं. २०२४मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या मुलांची लग्नं म्हणजे आमच्याकडे सोहळा असतो. कचऱ्यात सापडलेल्या त्यांच्या एका अंध लेकीनं एमपीएससीतून सरकारी नोकरी मिळवली.

बापाचं नाव! सगळं घोडं तिथंच तर अडतं. यवतमाळच्या झरी जामणीतल्या कोलाम मुलींच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. बाहेरून आलेले ठेकेदार, कर्मचारी निघून गेले आणि पोरी लेकरांसह मागे राहिल्या. शाळेच्या फॉर्ममधल्या त्या रकान्यात त्यांनी काय लिहायचं?

याचं उत्तर आता कायद्यात आहे. ६ जुलै २०१५ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की अविवाहित आई बापाचं नाव न सांगताही मुलाची एकटी पालक होऊ शकते आणि तिच्या प्रतिज्ञापत्रावर जन्मदाखला द्यायलाच हवा. ही केस लढणारी आई ख्रिस्ती होती, शिकलेली, नोकरी करणारी, म्हणजे तुमच्या-माझ्यासारखीच. २०२२मध्ये कोर्टानं २० ते २४ आठवड्यांच्या गर्भपाताचा हक्क अविवाहित मुलींनाही असल्याचं स्पष्ट केलं. आणि महाराष्ट्र सरकारनं १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव आधी, मग बापाचं, असा नियम केला. तो निर्णय झाला ११ मार्चला. शारदा सदनचा वाढदिवस! मंत्रालयात हे कुणाच्या लक्षात असेल असं वाटत नाही.

बाळ सांभाळणं शक्य नसेल तर त्याला उकिरड्यावर टाकायची गरज नाही. जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे आईला ते रीतसर सोपवता येतं. तिचं नाव गुप्त राहतं, आणि मन बदललं तर ६० दिवसांत ती बाळ परत मागू शकते. रस्ता माहीत नसेल तर १०९८ हा नंबर फुकट लागतो, दिवसरात्र. दर्यापूरहूनही.