ठमी आठव्या वर्षी शाळेत जाते

आम्ही दोघी जावा, साताऱ्याजवळ एकाच घरात राहतो. मागच्या महिन्यात बोलताना ठमीचा विषय ओझरता निघाला, तर कितीतरी जणींनी विचारलं, की म्हाताऱ्या कुत्र्याला शिकवता येतं का, आणि त्याला पदवी मिळते म्हणजे काय? म्हणून आज सगळं नीट सांगतो.

ठमी आमच्याकडे आली ती शेजारच्या बंगल्याला कुलूप लागलं म्हणून. माणसं गेली, कुत्री राहिली. तीन आठवडे ती त्या फाटकाशी बसून होती. आधी आम्ही भाकरी टाकली, मग पावसाची झड लागली तेव्हा ओट्यावर घेतली. डाव्या कानाला चीर होती, म्हणजे नसबंदी झालेली. डॉक्टरांनी दात बघून सांगितलं, आठ वर्षांची तरी असेल. डोळ्यांत निळसर झाक दिसते ती मोतीबिंदू नव्हे, वयानं भिंग घट्ट होतं तेव्हा तसं दिसतं, हेही तेव्हाच कळलं.

सगळं ठीक होतं, एक सोडून. सासूबाई काठी घेऊन चालतात. काठी दिसली की ठमी दात दाखवायची. एकदा ती काठीवर झेपावली आणि सासूबाई दाराच्या चौकटीला धरून कशाबशा सावरल्या. ऐंशीच्या वयात खुब्याचं हाड मोडलं तर काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. घरात सरळ दोन पक्ष झाले. पुरुष मंडळी म्हणाली, ठेवा तिला पुन्हा कुठंतरी. सासूबाई म्हणाल्या, "कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच." आम्ही दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली.

पहिली चूक आम्हीच केली, ती आधी कबूल करतो. तालुक्याच्या ठिकाणचा एक शिकवणारा आणला. त्यानं गळ्यात आवळणारी साखळी घातली आणि हातात छडी घेतली. जिला कुणीतरी काठीनं मारलेलं, तिला छडी! चार दिवसांत ती खाटेखालून बाहेर यायची बंद झाली. त्याचे पैसे चुकते केले आणि त्याला हात जोडले.

मग थोरलीची भाची मदतीला आली, तीसुद्धा फोनवरून. ती न्यू जर्सीत असते. तिनं तिथल्या निवाऱ्यातून नऊ वर्षांचा एक कुत्रा आणला होता, कुठल्या जातीचा ते देवालाच ठाऊक. अकराव्या वर्षी त्यानं आज्ञापालनाची पहिली पदवी मिळवली. ही भानगड काय आहे, ते थोडक्यात सांगतो, कारण तिची सुरुवात एका बाईनं केली आहे.

हेलन व्हाइटहाउस वॉकर यांच्याकडे पूडल जातीचे कुत्रे होते. लोक त्यांना नुसते नटवे, शोभेचे म्हणायचे. बाईंनी मनावर घेतलं आणि 1933 साली न्यूयॉर्कजवळच्या माउंट किस्को इथं, वडिलांच्या जागेत, आठ कुत्र्यांची आज्ञापालनाची चाचणी भरवली. दिसण्याला गुण नाहीत, कामाला गुण. 1936 साली अमेरिकन केनेल क्लबनं ही चाचणी आपली म्हणून स्वीकारली. पुढच्याच वर्षी वॉकरबाई आणि त्यांची सहकारी ब्लान्श सॉन्डर्स, अशा दोघी बायका, गाडीमागं राहायची गाडी जोडून तीन पूडल घेऊन देशभर प्रात्यक्षिकं दाखवत हिंडल्या. सुमारे दहा हजार मैल.

पहिल्या पायरीला 200 गुण असतात. दोरीसह आणि दोरीशिवाय मालकाच्या पायाशी चालायचं, परीक्षकानं अंगाला हात लावला तरी हलायचं नाही, लांबून हाक मारली की सरळ यायचं, आणि सांगितल्या जागी थांबायचं. 170 गुण मिळाले आणि प्रत्येक कामात निम्म्याहून जास्त असले तर पास. असं तीनदा झालं की पदवी. रिंगणात खाऊ चालत नाही. भाचीचा कुत्रा एकदा दीड गुणानं राहिला, कारण चालता चालता त्यानं परीक्षकाचे बूट हुंगले. पूर्वी तिथं जातिवंत कुत्र्यांनाच प्रवेश होता, 2010 पासून मिश्र जातीचेही घेतात. वयाला वरची मर्यादा नाही. रॅली नावाचा आणखी एक प्रकार आहे. त्यात वाटेवर पाट्या असतात, पाटीवर लिहिलेलं करत पुढं जायचं. 100 पैकी 70 पुरतात आणि कुत्र्याशी बोलत, त्याला चुचकारत चालता येतं. वयस्कर कुत्र्याला हा प्रकार जास्त मानवतो, असं आमचं मत.

आता ठमीकडे येऊ. भाचीनं पहिल्यांदा सांगितलं, शिकवण्याआधी डॉक्टर. रक्त तपासलं, तर गोचिडतापाचा अंश निघाला. औषधानं तो गेला आणि तिची अर्धी चिडचिडही गेली. मागच्या पायांच्या सांध्यांत झीज होती. वजन बावीस किलो होतं, डॉक्टरांनी एकोणीसच्या खाली आणायला सांगितलं. एक अगदी लक्षात ठेवा, आपल्या डब्यातली अंगदुखीची गोळी कुत्र्याला कधीच देऊ नका. आयबुप्रोफेनसारख्या गोळीनं त्याच्या पोटात जखमा होतात, मूत्रपिंड निकामी होतं. औषध द्यायचं ते जनावरांच्या डॉक्टरांनी लिहिलेलंच.

मग शिकवण्याची युक्ती. कुत्र्याला आपली भाषा कळत नाही, कशानंतर काय मिळतं ते कळतं. त्यानं बरोबर केलं त्याच क्षणी एक ठरावीक शब्द म्हणायचा आणि लगेच घास द्यायचा. तो शब्द म्हणजे फोटो काढल्यासारखा, तेवढाच क्षण पकडतो. आम्ही आधी "हां" हा शब्द निवडला आणि पस्तावलो. घरात कुणी फोनवर "हां, हां" म्हणालं, की ठमी खाऊ मागायला हजर! मग "टिक" ठरवला. घास पनीरचा किंवा उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्याचा, हरभऱ्याच्या डाळीएवढा, आणि तेवढी भाकरी जेवणातून कमी. कांदा, मनुका, चॉकलेट यांतलं काही नाही, ते कुत्र्याला विष आहे. अभ्यास एका वेळी तीन-चार मिनिटं, दिवसातून तीनदा, आणि उन्हाळ्यात सूर्य वर यायच्या आत.

काठीचं काम मात्र असं झटपट झालं नाही. काठी अंगणाच्या पार टोकाला जमिनीवर ठेवली. ठमीनं तिकडं नुसतं पाहिलं, की "टिक" आणि पनीर. ती गुरगुरली किंवा ताठरली, तर अंतर कमी आहे असं समजायचं, रागवायचं नाही, मागं सरायचं. घास घेईनाशी झाली तर समजायचं, भीती भुकेपेक्षा मोठी झाली. दहा दिवसांनी काठी पाच पावलांवर आली. मग आमच्यातली धाकटी काठी उचलून परत ठेवायची. मग सासूबाई खुर्चीत बसायच्या, काठी मांडीवर. एके दिवशी काठी फरशीवर खणकन पडली आणि ठमी खाटेखाली गेली ती संध्याकाळपर्यंत जेवली नाही. आम्ही पुन्हा अंगणाच्या टोकापासून सुरुवात केली. या खेपेला तीन दिवस पुरले.

आणि हे लक्षात घ्या, पनीर शेवटी सासूबाईंच्या हातून पडायला लागलं. काठी दिसली की आजीकडून काहीतरी चांगलं येतं, हे एकदा डोक्यात बसलं आणि ठमी काठीचा आवाज ऐकून शेपूट हलवायला लागली. रशियाच्या पावलोव्ह यांनी कुत्र्यांच्या लाळेवरून जे दाखवलं, ते हेच. सगळं मिळून अडीच महिने गेले. दिवाळी आली तेव्हा मुदतीचं नाव कुणी काढलं नाही.

वयस्कर कुत्र्याच्या बाबतीत काही गोष्टी पिल्लापेक्षा वेगळ्या असतात. "बस" म्हटलं की ठमी एका कुशीवर कलून बसायची. आम्हाला वाटलं आळस, ते दुखणं होतं. मग "बस" कमी केलं आणि "उभी" शिकवलं. शहाबादी फरशीवर पाय घसरतात, म्हणून अभ्यास सतरंजीवर. नखं वाढली की पाऊल तिरकं पडतं. प्रत्येक शब्दाबरोबर हाताची खूणही शिकवली, कारण ऐकू कमी येऊ लागेल तेव्हा खूण राहील. उडीच्या नादाला लागलो नाही. जमिनीवर आडव्या टाकलेल्या बांबूवरून पाय उचलून जायचं, तेवढंच. आणि तिनं तोंड फिरवलं, ओठ चाटले, उगाच जांभई दिली किंवा जमीन हुंगत बसली, तर तो उद्धटपणा नसतो. ती म्हणते आहे, आज पुरे.

पिल्लापेक्षा सोपंही असतं. ठमीला लक्ष देता येतं. पिल्लाचं मन पाखरामागं जातं, हिचं जागेवर राहतं. आणि तिला घर हवं होतं. हे शास्त्र नाही, आमचं म्हणणं आहे.

पदवीचं म्हणाल तर, सातासमुद्रापार जाणं आम्हाला शक्य नव्हतं. पण परदेशातल्या काही संस्था मोबाइलवर काढलेली चित्रफीत पाहूनही करामतींच्या पदव्या देतात, जात विचारत नाहीत. आम्ही यादी घेतली आणि ठमीला झेपतील त्या करामती निवडल्या: तळहाताला नाक लावणं, स्वतःभोवती गिरकी, स्टुलाला वळसा, पाटावर पुढचे दोन पाय ठेवणं, उंबऱ्याशी थांबणं. चित्रफीत काढताना तिसऱ्या खेपेला भाजीवाला ओरडत आला, ठमी हलली नाही, पण आम्ही दोघी हलल्या आणि चित्र हुकलं. पाचव्या खेपेला जमलं. प्रमाणपत्र ईमेलनं आलं. थोरल्या दिरांनी ते छापून फ्रिजवर लावलं, तेच ते, "कुठंतरी ठेवा" म्हणणारे.

आता ठमी दहाची झाली. सांधे पाहता यापुढं हुंगण्याचा अभ्यास करतो आहोत. तिकडं याच्याही स्पर्धा असतात. ठरलेले वास डब्यांत, कोपऱ्यांत लपवतात आणि कुत्र्यानं शोधायचे. त्या वासांत लवंगही आहे, आणि ती तर आपल्या मिसळणाच्या डब्यातच असते. डोळे आणि कान थकले तरी कुत्र्याचं नाक बरीच वर्षं काम देतं, म्हणून म्हाताऱ्या जिवाला हा खेळ चांगला. कापसाच्या बोळ्याला लवंगेच्या तेलाचा थेंब लावायचा, झाकणाला भोकं पाडलेल्या पत्र्याच्या डबीत ठेवायचा. तेल पोटात जाऊ द्यायचं नाही, म्हणून झाकण घट्ट हवं. पहिल्या दिवशी डबी समोरच ठेवायची, तिनं नाक लावलं की "टिक" आणि घास. दुसऱ्या दिवशी तीन रिकाम्या डब्यांत मिसळायची. मग खोलीत लपवायची. आमच्याकडे लपवण्याचं काम सासूबाईंकडे आहे. काल त्यांनी डबी स्वतःच्या उशीखाली ठेवली होती. ठमीला ती सापडायला पाऊण मिनिट लागलं.