पहिला पाऊस आणि सायकलचा टायर

मृगाची पहिली सर आली की वऱ्हाडातला शेतकरी सुखावतो. पण अकोल्याच्या एम.आय.डी.सी.त पाळीला जाणाऱ्या, अमरावतीत पहाटे पेपर टाकणाऱ्या, दुधाच्या कॅन अडकवून फिरणाऱ्या सायकलवाल्याने त्या दिवशी फार जपावे. उन्हाळाभर ट्रक आणि ऑटोतून गळालेले तेल, रबराचा चुरा आणि धूळ डांबरावर बसलेली असते. पाणी पडताच त्याचा साबणासारखा थर होतो. तासभर जोराचा पाऊस झाला तर तो वाहून जातो; नुसती भुरभुर झाली तर तिथेच राहतो. म्हणून आपल्याला मुसळधारेपेक्षा भुरभुरीची भीती अधिक. रोजंदारीच्या माणसाचे मनगट मोडले तर औषधाचा खर्च एकीकडे आणि बुडालेली मजुरी दुसरीकडे.

आता टायरचे पाहू. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि सायकल दिवसभर कारखान्याच्या कुंपणाला उन्हात उभी असते. उन्हाने रबर कडक होते, बाजूला बारीक भेगा पडतात. मऊ रबर रस्त्याच्या खडबडीत कणांत बसते व तेथे धरून राहते. पकड म्हणतात ती हीच. कडक झालेले रबर कणांवरून नुसते सरकते. म्हणजे जून महिन्यात, जेव्हा पकड सर्वांत जास्त हवी, तेव्हाच आपला टायर सर्वांत कडक झालेला असतो. अंगठ्याचे नख टायरमध्ये रुतवून पाहा. रुतले नाही आणि भेगाही दिसल्या तर तो टायर पावसाळ्यात पुढच्या चाकाला ठेवू नये. मागचे चाक घसरले तर माणूस पाय टेकून सावरतो, पुढचे घसरले तर सावरायला वेळच मिळत नाही.

पुष्कळांना वाटते की टायरवर जितकी खोल नक्षी तितकी पकड जास्त. मोटारीला ते खरे आहे. मोटारीचा टायर रुंद व सपाट, त्याखाली पाणी शिरले की गाडी पाण्यावर उचलली जाते. खाचा ते पाणी बाहेर काढतात. सायकलचा टायर अरुंद व गोल असतो, त्यातल्या हवेचा दाबही जास्त. तो पाणी आपोआप कापतो. असा टायर पाण्यावर उचलला जायला ताशी १०० किलोमीटरहून जास्त वेग लागेल, आणि तेवढे पॅडल कोण मारणार? म्हणून डांबरावर नक्षी फार कामाची नाही. तरीही ‘गोटा’ झालेला टायर बदलाच, कारण रबर झिजून आतले धागे दिसू लागले की तो वाटेत कधी फुटेल याचा नेम नसतो. चिखलाच्या वाटेवर मात्र नक्षी हवीच.

हवेचेही असेच आहे. सायकल आणि स्वार मिळून ७५ किलो धरले तर मागच्या चाकावर सुमारे ४५ किलो येतात. ५० पौंड हवा असेल तर रस्त्याला टेकलेला रबराचा तुकडा जेमतेम १३ चौरस सेंटिमीटरचा, आगपेटीहूनही लहान! त्यावर आपला जीव. टायरच्या बाजूवर दाबाचा आकडा छापलेला असतो. पावसात त्याहून पाच पौंड कमी भरावे, म्हणजे टेकलेली जागा थोडी वाढते. पण कॅरिअरवर पोते किंवा माणूस असेल तर कमी करू नये. ट्यूब रिममध्ये चिमटते. हवेच्या टायरची ही करामत बेलफास्टच्या जॉन डनलॉप या गुरांच्या डॉक्टरने १८८८ साली मुलाच्या तीनचाकीसाठी केली होती.

आपला अमरावती-अकोला महामार्ग जगात गाजला. जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर सलग टाकून तिथे गिनीज विक्रम झाला. ७२० जण रात्रंदिवस राबले, त्यांचे कौतुक आहेच. पण सायकलवाल्याचा घात अशा गुळगुळीत रस्त्याच्या मधोमध होत नाही, कडेला होतो. मागून ट्रकचा हॉर्न वाजला की आपण साईडपट्टीवर उतरतो. तिथे ओला मुरूम किंवा काळी माती, आणि डांबराची कड उंच. परत वर चढताना चाक कडेला घासत नेले तर सायकल हमखास आडवी होते. थांबावे, ट्रक जाऊ द्यावा, मग हँडल वळवून कड सरळ ओलांडावी. रेल्वे फाटकावरचे रूळही असेच, काटकोनातच ओलांडायचे. पांढऱ्या रंगाचे पट्टे आणि गटारांची लोखंडी झाकणे ओली असताना काचेसारखी होतात. त्यांवर ब्रेक दाबू नये की वळू नये.

घरातल्या आईबापांनी एक लक्षात घ्यावे. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या अनेक मुलींना सायकली मिळतात. मुलगी शाळेत जाऊ लागली याचा आनंद असतो, पण सायकलच्या ब्रेककडे कोणी पाहत नाही. चकचकीत लोखंडी रिम ओली झाली की ब्रेकचे रबर तिच्यावर नुसते घसरते, आणि कोरड्यात थांबते त्याच्या कितीतरी पुढे जाऊन सायकल थांबते. चांगला टायरही तिथे काही करू शकत नाही. चौक यायच्या बऱ्याच आधी ब्रेक हलके दाबून रिमवरचे पाणी पुसून घ्यायचे, मग नीट दाबायचे. हे तिला घरासमोरच्या गल्लीत, बादलीभर पाणी चाकांवर ओतून दोनचार वेळा करायला लावावे.

शेतवाटेने शाळेत जाणाऱ्यांची अडचण वेगळी. आपली काळी माती ओली झाली की फुगते, टायरला चिकटते आणि मडगार्डात भरून चाकच अडवते. टायर कितीही नवा असो, मातीने नक्षी भरली की तो गोटाच. अशा वेळी उतरून सायकल हाती धरावी आणि मडगार्डातला चिखल काढायला एक काडी कॅरिअरला खोचून ठेवावी.