कॉम्प्रेसर गेला म्हणण्याआधी क्लच बघा

मंडळातल्या बऱ्याच घरांत पंधरा वर्षे ओलांडलेली गाडी आहे. आरसी पाच वर्षांसाठी नवी करून घेतलेली, इंजिन ठणठणीत, फक्त एसी अधूनमधून रुसणारा. मच्छेत राहणाऱ्याला एसीवाचून काय अडते, असे आम्हीही म्हणत होतो. दोन पावसाळ्यांपूर्वी गोव्याहून चोर्ला घाटाने घरी येताना मत बदलले.

घाट चढता चढता एसी बंद पडला. आम्ही पाच माणसे, बाहेर कणकुंबीचा पाऊस, त्यामुळे खिडक्या बंद. दहा मिनिटांत पुढची काच आतून दुधासारखी झाली. रुमालाने पुसावे तर क्षणात पुन्हा तेच, आणि समोरून ट्रक. शेवटी कणकुंबीत गाडी बाजूला घेऊन थांबलो. एसी हवा थंड करताना तिच्यातला ओलावाही काढून घेतो, आणि आपल्याकडच्या पावसात काच साफ राहते ती त्यामुळे. हे आम्हाला त्या दिवशी कळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजमध्ये एसी गुपचूप चालू! गॅस कमी असेल म्हणून गॅस भरून दिला. चार दिवसांनी खानापूरहून येताना पुन्हा बंद. मग निदान झाले, "कॉम्प्रेसर गेला, नवीन घाला." आकडा ऐकून आम्ही गाडी घरी आणली. आयुष्यभर बँकेत काम केले, खाते बुडीत म्हणण्याआधी वह्या बघायची सवय आहे. गल्लीतले एक शेजारी उद्यमबागेत लेथवर काम करून निवृत्त झालेले. ते आणि आम्ही मिळून बॉनेट उघडले.

आधी रचना समजून घ्यावी. कॉम्प्रेसरच्या तोंडावरची पुली इंजिनच्या बेल्टवर कायम फिरत असते, एसी चालू असो वा नसो. पुलीच्या आत, पण न फिरणारी, तांब्याच्या तारेची कॉइल असते. पुलीच्या पुढे एक पोलादी तबकडी असते, तीच क्लचप्लेट. ती कॉम्प्रेसरच्या शाफ्टवर बसवलेली असते. एसीचे बटण दाबले की कॉइलमध्ये करंट जातो, तिचे लोहचुंबक होते, प्लेट 'टक्' आवाज करून पुलीला चिकटते आणि कॉम्प्रेसर फिरू लागतो. बटण बंद केले की प्लेटच्या स्प्रिंगा तिला मागे ओढतात. म्हणजे क्लच चिकटला नाही तर कॉम्प्रेसर कितीही चांगला असला तरी तो फिरणारच नाही, आणि आत बसलेल्याला दोन्ही बिघाड सारखेच वाटतात. (काही नव्या गाड्यांत क्लच नसतोच, तिथे हे लागू नाही.)

पहिली तपासणी सगळ्यात महत्त्वाची. इंजिन बंद, थंड, किल्ली खिशात. मधली प्लेट हाताने फिरवून बघा. थोड्या अडथळ्याने पण सारखी फिरली तर कॉम्प्रेसर बहुधा जिवंत आहे. हलतच नसेल, किंवा खरखर करत अडकत असेल, तर कॉम्प्रेसर आतून जाम आहे. अशावर नवा क्लच घातला तर तोही घासून जळेल, तेव्हा गॅरेजवाल्याचे म्हणणे मान्य करावे. आमची प्लेट मऊ फिरली.

मग इंजिन चालू करून, एसी आणि पंखा लावून, लांबून बघायचे. शर्टाची बाही, टॉवेल, ओढणी बेल्टजवळ जाता कामा नये, आणि रेडिएटरचा पंखा न सांगता सुरू होतो हे विसरू नये. पुली फिरते पण प्लेट थांबलेली असेल तर कॉइलपर्यंत वीज येते का ते टेस्ट लॅम्पने किंवा मल्टिमीटरने बघावे. वीजच येत नसेल तर क्लच निर्दोष. फ्यूज बघा, हॉर्नचा रिले त्याच जातीचा असेल तर तो तात्पुरता बदलून बघा. तरीही नाही, तर बहुतेक प्रेशर स्विचने लाइन तोडलेली असते. गॅस फार कमी झाला की तो मुद्दाम तोडतो, कारण कॉम्प्रेसरचे तेल गॅसबरोबरच फिरते. गॅस नाही म्हणजे तेल नाही. काही ठिकाणी हा स्विच 'डायरेक्ट' करून देतात आणि एसी लगेच चालूही होतो. तसे अजिबात करू देऊ नका. चांगला कॉम्प्रेसर मारण्याचा तो खात्रीचा उपाय आहे.

वीज येते पण प्लेट चिकटत नाही, असे असेल तर मात्र दोष क्लचचा. कॉइलचा कनेक्टर काढून ओहम मोजावेत. साधारण 3 ते 5 ओहम मिळतात. काहीच वाचन नाही तर तार तुटली, शून्याच्या जवळ असेल तर आतून शॉर्ट. कॉइलची अर्थिंगची तारही पाहून घ्यावी, जुन्या गाडीत तिथे गंज चढतो.

आमची कॉइल 4 ओहम, म्हणजे ठीक. मग सकाळी चालतो आणि तासाभराने बंद का पडतो? इथे आमच्या बीकॉमच्या गणिताचा उपयोग झाला. 12 व्होल्टला 4 ने भागले की 3 अँपिअर. पण तांबे तापले की त्याचा रोध वाढतो, दर अंशाला सुमारे 0.39 टक्के. इंजिनच्या उष्णतेने कॉइल 75 अंशांनी तापली तर 4 चे 5.2 ओहम होतात आणि करंट उरतो 2.3 अँपिअर. चुंबकाची ओढ करंटच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणजे ती सुमारे 40 टक्क्यांनी कमी होते. प्लेट आणि पुलीमधली फट योग्य असेल तर तेवढी ओढ पुरते. फट वाढलेली असेल तर पुरत नाही.

फट मोजायला फीलर गेज लागतो. बहुतेक गाड्यांत ती 0.3 ते 0.6 मिलिमीटर असावी लागते, नेमका आकडा त्या त्या कॉम्प्रेसरच्या पुस्तकात असतो. तीन-चार ठिकाणी मोजावी. आमची 0.9 निघाली. वर्षानुवर्षे प्लेट घासत गेली आणि फट वाढत गेली, एवढेच.

दुरुस्ती अशी: बॅटरीची निगेटिव्ह तार काढली. प्लेटच्या मधला नट सोडवला आणि पुलरने प्लेट बाहेर घेतली. पुलर शेजाऱ्यांनी स्वतः बनवून आणला होता. स्क्रूड्रायव्हर घालून प्लेट उचकटू नये, ती वाकते आणि मग एका बाजूने घासत राहते. प्लेटच्या मागे शाफ्टवर पातळ वॉशर असतात, त्यांना शिम म्हणतात. त्यातला अर्ध्या मिलिमीटरचा एक काढला, प्लेट परत बसवली, फट 0.4 झाली. खर्च शून्य, चहा सोडून. गॅसच्या पाइपाला हातही लावावा लागला नाही. तो लावायचाही नसतो, कारण अंगावर उडाला तर कातडी गोठते, आणि आर-134ए वायू पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या 1430 पट जड आहे.

सगळ्यांचे एवढ्यावर भागेल असे नाही. कॉइल जळली असेल किंवा प्लेट निळी पडली असेल तर क्लचचा सेट बदलावा लागतो. पुलीसमोरची सर्कलिप काढून पुली, मग दुसरी सर्कलिप काढून कॉइल. जागा असेल तर हे कॉम्प्रेसर गाडीवर ठेवूनच होते. नव्या क्लचला इंजिन संथ ठेवून पंधरा-वीस वेळा एसी चालू-बंद करावा, म्हणजे दोन्ही पृष्ठभाग एकमेकांत नीट बसतात.

एसी बंद असतानाही गरगर आवाज येत असेल तर तो पुलीच्या बेरिंगचा, आणि त्याकडे दुर्लक्ष नको. बेरिंग जाम झाले की बेल्ट तुटतो, आणि काही गाड्यांत त्याच बेल्टवर पाण्याचा पंप असतो. बेरिंगवर नंबर कोरलेला असतो. तो घेऊन उद्यमबागेतल्या बेरिंगच्या दुकानात जावे आणि बसवून घ्यावे ते प्रेसवर, जोर बाहेरच्या रिंगवर देऊन. हातोडीने ठोकलेले बेरिंग फार दिवस टिकत नाही, असे आमचे शेजारी सांगतात.

गेल्या जुलैत पुन्हा चोर्ल्याने आलो. कणकुंबीत थांबलो, पण भजी खायला.