पहिल्यांदा ऑइल बदलताना भीती कशाची धरावी

इंजिन ऑइल घरी बदलायचा विषय काढला की दोन तऱ्हेची माणसं भेटतात. एक म्हणतात, "इंजिनला हात लावू नकोस, लाखाला पडेल." दुसरी म्हणतात, "त्यात काय एवढं? जॅक लाव, खाली शिर, नट खोल, झालं." पहिल्यांची भीती बरीचशी निराधार आहे. दुसऱ्यांचा बिनधास्तपणा मात्र जिवावर बेतू शकतो. पहिल्यांदा हे काम करणाऱ्याच्या डोक्यात दोन्हींची सरमिसळ झालेली असते, त्यामुळे तो इंजिनाला घाबरतो आणि जॅकवर विसंबतो. माझ्या मते हे अगदी उलटं व्हायला हवं.

काम मोजकंच आहे. इंजिन कोमट करायचं, इंजिनाखाली ऑइल साठतं त्या चेंबरच्या तळाचा ड्रेन नट काढून जुनं ऑइल सोडायचं, फिल्टर बदलायचा, नट परत लावायचा आणि वरून नवं ऑइल ओतायचं. मारुतीच्या १.२ लिटर पेट्रोल इंजिनाला फिल्टरसकट साधारण ३ लिटर ऑइल लागतं. यात इंजिन उघडावं लागत नाही, टायमिंगला धक्का लागत नाही, एकही वायर काढावी लागत नाही. गडबड होते ती बहुतेक वेळा ऐकीव माहितीमुळे.

"ऑइल काळं पडलं, म्हणजे गेलं"

डिपस्टिक बाहेर काढायची, बोटांत ऑइल चोळायचं आणि तोंड वाकडं करून "काळं झालंय" म्हणायचं, ही तपासणी गल्लोगल्ली चालते. ती भरवशाची नाही. ऑइलमध्ये मळ धुऊन काढणारी आणि तो तरंगत ठेवणारी रसायनं मुद्दाम घातलेली असतात. काजळीचे बारीक कण इंजिनाच्या भिंतींवर बसू नयेत, ऑइलमध्येच राहावेत आणि ऑइलबरोबर बाहेर पडावेत, हा त्यांचा उद्देश. म्हणजे काळं झालेलं ऑइल आपलं काम करतंय. डिझेल गाडीत तर नवं ऑइल काहीशे किलोमीटरमध्येच काळं दिसायला लागतं.

रंगापेक्षा वेगळ्या खुणा बघा. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ, फिकट तपकिरी दिसलं तर त्यात कूलंट शिरल्याची दाट शंका घ्यावी आणि गाडी चालवू नये. पेट्रोलचा उग्र वास आला, किंवा उन्हात धरल्यावर धातूचा चुरा चमकला, तर मेकॅनिककडे जायला हवं. पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच फिरणाऱ्या गाडीत मात्र ऑइलच्या टोपणाखाली पांढुरका थर दिसू शकतो. इंजिन पुरतं तापतच नाही, त्यामुळे आतली वाफ बाहेर जात नाही आणि टोपणाला साचते. डिपस्टिक स्वच्छ असेल तर घाबरायचं कारण नाही. एखादा लांबचा फेरा मारला की तो थर बहुधा जातो.

"आपल्याकडच्या उन्हाला जाड ऑइलच हवं"

हा गैरसमज सर्वांत चिवट आहे, कारण एकेकाळी त्यात तथ्य होतं. जुन्या गाड्यांमध्ये २०डब्ल्यू-४० सर्रास चालायचं. आज अलीकडच्या अनेक मारुती पेट्रोल गाड्यांना कंपनी ०डब्ल्यू-१६ सांगते. ते ओतताना पाण्यासारखं वाटतं आणि "हे चंद्रपूरच्या मे महिन्यात टिकणार?" असा प्रश्न पडतो. प्रश्न रास्त आहे, पण त्यात एक गोष्ट निसटते. इंजिनाच्या आतलं तापमान बाहेरचं ऊन ठरवत नाही. थर्मोस्टॅट कूलंटला साधारण ९० अंशांच्या आसपास ठेवतो आणि तापलेल्या इंजिनातलं ऑइलही त्याच्याच आगेमागे, जोरात चालवल्यास त्याहून गरम असतं. बाहेर महाबळेश्वरचे १५ अंश असोत की चंद्रपूरचे ४५, आत ऑइलला सोसावं लागणारं तापमान फारसं बदलत नाही.

डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा थंड इंजिनात ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो. नंतरचा आकडा १०० अंशांना मोजलेल्या जाडीचा. त्या तापमानाला ४०चं ऑइल १६च्या साधारण दुप्पट जाड असतं. नव्या इंजिनात फिरत्या भागांमधल्या फटी, ऑइल पंप आणि ऑइलच्या दाबावर चालणारं व्हॉल्व्ह टायमिंग हे सगळं पातळ ऑइल धरूनच आखलेलं आहे. त्यात जाड ऑइल ओतलं तर संरक्षण वाढत नाही. सकाळी गाडी सुरू केल्यावर ऑइल वरच्या भागांपर्यंत पोचायला उशीर होतो, आणि इंजिनाची झीज सुरुवातीच्या त्या क्षणांतच जास्त होते. मॅन्युअलमध्ये बाहेरच्या तापमानानुसार एकाहून जास्त ग्रेड दिले असतील तर त्यांतला आपल्याकडच्या तापमानाला लागू असलेला कोणताही चालेल. त्याबाहेर जायचं कारण नाही.

डब्यावर आणखी एक खूण असते, ती ऑइलचा दर्जा सांगणाऱ्या एपीआय मानकाची. पेट्रोल गाड्यांसाठी २०२० मध्ये आलेला एसपी दर्जा आज सहज मिळतो. टर्बो पेट्रोल इंजिनात कमी वेगाला जोर देताना इंधन अवेळी पेटण्याचा जो धोका असतो, तो रोखण्याची कसोटी या दर्जात आहे. बीएस-६ डिझेल गाडी असेल तर जास्त काळजी घ्या. तिच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा डीपीएफ असतो आणि त्याला कमी राख सोडणारं ऑइलच लागतं. दुकानदाराने "हे पण डिझेलचंच आहे" म्हणून साधं ऑइल दिलं तर तो फिल्टर हळूहळू राखेने तुंबतो, आणि तो बदलायचा खर्च बघून डोळे पांढरे होतात.

उरलेलं ऑइल बाइकमध्ये टाकायचा मोहही आवरावा. बहुतेक बाइकचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो आणि कारच्या ऑइलमधल्या घर्षण कमी करणाऱ्या रसायनांनी तो घसरू लागतो. बाइकच्या ऑइलवर जासो एमए किंवा एमए२ लिहिलेलं असतं, ते याचसाठी.

सिंथेटिकविषयीही बऱ्याच कहाण्या आहेत. एकदा घातलं की परत साधं घालता येत नाही, असं सांगतात. येतं. दोन्ही एकमेकांत मिसळली तरी इंजिन बसत नाही. फक्त ग्रेड आणि दर्जा मॅन्युअलप्रमाणे असावा.

"दर ५ हजारांना बदललंच पाहिजे"

हा जुन्या मिनरल ऑइलचा हिशेब. आज अनेक पेट्रोल गाड्यांना १० हजार किलोमीटर किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते, अशी मुदत असते. पण हे वाक्य लोक अर्धंच वाचतात. वर्षाला ३ हजार किलोमीटर चालणारी गाडी "अजून ७ हजार बाकी आहेत" म्हणून तीन वर्षं तशीच ठेवली जाते. उभ्या गाडीतही ऑइल जुनं होतं. त्यात ओल धरते आणि इंधनाचा अंश मुरतो. मॅन्युअलच्या मागच्या पानांवर खडतर वापराचं वेगळं कोष्टक असतं, तेही वाचा. पुण्या-मुंबईची मुंगीच्या पावलांची वाहतूक, रोजच्या छोट्या खेपा आणि धुळीचे रस्ते हे सगळं खडतर वापरातच मोडतं.

"पाच मिनिटांचं काम आहे, जॅकवर भागतं"

इथे मात्र भीती धराच. गाडीबरोबर येणारा जॅक टायर बदलण्यासाठी दिलेला असतो. त्याच्या आधारावर कुणी गाडीखाली जावं, अशी त्याची रचना नसते. साधी हॅचबॅकही ९०० किलोच्या आसपास भरते, आणि तुम्ही खाली पडून नट जोराने फिरवता तेव्हा तोच जोर गाडीलाही हलवत असतो. गाडी जॅक स्टँडवर टेकवा, नाहीतर मजबूत रॅम्पवर चढवा. जमीन सपाट आणि सिमेंटची असू द्या. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडण लावा. विटा किंवा पेव्हर ब्लॉक गाडीखाली आधाराला रचू नका. ते सूचना न देता फुटतात. स्टँडवर टेकवल्यावर, खाली जाण्याआधी गाडी बाहेरून हलवून बघा. आणि घरात कुणाला तरी सांगून ठेवा की आपण गाडीखाली आहोत.

एवढी व्यवस्था होत नसेल तर ऑइल बदलू नका. पिट असलेल्या ओळखीच्या गॅरेजमध्ये, मेकॅनिकच्या देखरेखीखाली स्वतःच्या हाताने केलंत तरी काम शिकून होतं. डिपस्टिकच्या नळीतून ऑइल ओढून घेणारे हातपंपही मिळतात. फिल्टरला वरून हात पोचत असेल तर त्या गाडीला खाली जायची गरजच उरत नाही.

ऑइल काढताना इंजिन कोमट हवं, तापलेलं नको. लांबच्या प्रवासावरून आल्या आल्या नट खोललात तर ९० अंशांचं ऑइल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतं.

"जितकं घट्ट, तितकं बरं"

बहुतेक नव्या गाड्यांचं चेंबर किंवा निदान नट बसण्याची जागा अॅल्युमिनियमची असते. लांब दांड्याचा पाना घेऊन, पाय रोवून नट आवळला की आटे जातात. मग नटाऐवजी चेंबर बदलायची वेळ येते. घरच्या ऑइल बदलात इंजिनाचं खरंखुरं नुकसान होण्याची शक्यता इथेच सर्वांत जास्त. नट आधी बोटांनी फिरवून बसवा. दोन-तीन फेरे हाताने सहज गेले नाहीत तर तो तिरका बसतोय, लगेच परत काढा. नटाखालचं तांब्याचं किंवा अॅल्युमिनियमचं वायसर एकदा दाबलं गेलं की त्याचं काम संपतं, म्हणून दरवेळी नवं घ्या. मॅन्युअलमध्ये दिलेला टॉर्क बघून टॉर्क रेंचने आवळता आलं तर उत्तम.

फिल्टर काढल्यावर एक गोष्ट डोळ्यांनी बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. जुन्या फिल्टरची रबरी रिंग त्याच्याबरोबरच निघाली का? कधीकधी ती इंजिनाला चिकटून राहते आणि काळ्या धातूवर काळी रिंग दिसत नाही. तिच्यावरच नवा फिल्टर बसवला तर दोन रिंगांमधून ऑइल धारेने बाहेर फेकलं जातं आणि चालू इंजिन काही मिनिटांत कोरडं पडतं. तिथे बोट फिरवा, फडक्याने पुसा. नव्या फिल्टरच्या रिंगेला नव्या ऑइलचं बोट लावा, फिल्टर हाताने फिरवत न्या, आणि रिंग टेकल्यावर साधारण पाऊण फेरा आणखी द्या. त्याला पाना लावायचा नाही. पाना लागतो तो काढताना.

खालून बघताना एकाहून जास्त नट दिसतील. त्यांतला एक गिअरबॉक्सचा असतो. चुकून तो खोलला गेला तर गिअरबॉक्स रिकामा होतो आणि वरून ओतलेल्या नव्या ऑइलने इंजिन दुप्पट भरतं. मॅन्युअलमधल्या चित्राशी जागा जुळवून बघा. काळ्या ऑइलऐवजी स्वच्छ किंवा रंगीत द्रव आला तर तिथेच थांबा आणि गाडी सुरू करू नका.

"थोडं जास्त असलेलं बरं"

नाही. पातळी फार वर गेली की फिरता क्रँकशाफ्ट ऑइल घुसळतो, त्यात फेस होतो आणि फेसाळलेल्या ऑइलने नीट वंगण होत नाही. मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापापेक्षा थोडं कमी ओता. गाडी सुरू करा. ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझायला हवा, नाहीतर ताबडतोब बंद करा. तो दिवा ऑइल जुनं झाल्याचं सांगत नाही. दाब नसल्याचं सांगतो. मग नट आणि फिल्टरभोवती गळती बघा, इंजिन बंद करून पाचेक मिनिटं थांबा आणि गाडी सपाटीवर असताना डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवा. दोन खुणांमधलं अंतर अनेक गाड्यांत पाऊण ते एक लिटरचं असतं. वरच्या खुणेपर्यंत जपून, थोडं थोडं भरा.

वॉरंटीचं काय?

भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड केला होता. बाहेर काम करून घेतलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असंही त्या आदेशात होतं. कंपन्या त्याविरुद्ध अपिलात गेल्या. तुमच्या हातातल्या वॉरंटी पुस्तिकेत काय लिहिलंय, त्यावर काउंटरवरचा वाद ठरतो. त्यामुळे वॉरंटी संपेपर्यंत ऑइल अधिकृत ठिकाणीच बदलावं. संपल्यावर खुशाल घरी बदला. बिलं आणि किलोमीटरची नोंद तेवढी ठेवा.

"जळकं ऑइल कामाला येतं"

जुनं ऑइल आपल्याकडे फुकट जात नाही. सेंट्रिंगच्या प्लेटांना फासतात, वाळवी लागू नये म्हणून लाकडाला लावतात, कुंपणाच्या खांबांना चोपडतात, आणि खरूज झालेल्या कुत्र्याच्या अंगालाही लावतात. या शेवटच्या उपायाने माझा जीव कळवळतो. वापरलेल्या ऑइलमध्ये जड धातू आणि कर्करोगाला कारण ठरू शकणारी रसायनं असतात. कुत्रा अंग चाटतो आणि ती सगळी त्याच्या पोटात जातात. खरजेवर पशुवैद्याकडे साधं, स्वस्त औषध मिळतं. याच रसायनांमुळे काम करताना तुम्हीही हातात नायट्राइलचे मोजे घाला, आणि मातीत, गटारात किंवा विहिरीच्या आसपास एक थेंबही सांडू देऊ नका.

२०१६च्या नियमांनुसार वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं आणि १ एप्रिल २०२४ पासून ते परत गोळा करून पुनर्वापरात आणण्याची जबाबदारी ऑइल बनवणाऱ्यांवर आली आहे. त्यावर प्रक्रिया करून पुन्हा बेस ऑइल बनवता येतं. मात्र त्यात पाणी, कूलंट किंवा रॉकेल मिसळलेलं नसावं. घमेल्यातलं ऑइल नरसाळ्याने रिकाम्या डब्यात भरा, टोपण घट्ट लावा आणि ड्रम ठेवणाऱ्या गॅरेजमध्ये नेऊन द्या. जुना फिल्टरही रात्रभर निथळून त्याबरोबरच द्या. तो ड्रम पुढे नोंदणीकृत रिसायकलरकडे जातो की भट्टीत जाळायला, हे विचारा. उत्तर पटलं नाही तर दुसरं गॅरेज शोधा. आणि ऑइलचे रिकामे डबे भंगारात देण्याआधी त्यांना खिळ्याने भोकं पाडा, म्हणजे त्यात बनावट ऑइल भरून ते पुन्हा दुकानात जाणार नाहीत.