सरसाच्या सांध्यांवर उडणारे विमान

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या डी हॅविलँड कंपनीने घडविलेल्या ‘मॉस्किटो’ या दोन इंजिनांच्या विमानाचा गौरव बहुधा त्याच्या वेगासाठी होतो. परंतु तो वेग इंजिनांइतकाच सुतारकामातून आलेला होता, आणि या विमानाचे बळ व दुबळेपण दोन्ही समजून घ्यायचे तर त्याचे सांधेच पाहावे लागतात. युद्धकाळात ॲल्युमिनियमची ओढाताण होणार, पण फर्निचर बनविणारे कारखाने व त्यांतील कसबी कारागीर मोकळे असणार, हा हिशेब लाकडाच्या निवडीमागे होता. २५ नोव्हेंबर १९४० रोजी हॅटफिल्ड येथे पहिला नमुना उडाला, आणि पुढे हाय विकम परिसरातील खुर्च्या-टेबले घडविणारे हात याच विमानाचे भाग जोडू लागले.

विमानाचे धड उभ्या रेषेने दुभागलेल्या दोन अर्ध्या भागांत तयार होई. प्रत्येक अर्ध्या भागासाठी लाकडाचा किंवा काँक्रीटचा भरीव साचा असे, आणि आतले आडवे पडदे व बळकटीच्या पट्ट्या बसविण्यासाठी त्यात आधीच खाचा ठेवलेल्या असत. या पट्ट्या खाचांत बसवून साच्यावर प्रथम बर्च लाकडाचा, जेमतेम दीड-दोन मिलिमीटर जाडीचा प्लायवूड सरस लावून वाकविला जाई आणि त्यावरून पोलादी पट्टे आवळून तो साच्याशी घट्ट दाबला जाई. त्यावर बाल्साच्या पट्ट्या येत. बाल्सा हे दक्षिण अमेरिकेतून, मुख्यतः इक्वेडोरमधून, येणारे अत्यंत हलके लाकूड असून ते आपल्याकडच्या काटेसावरीच्या कुळातले आहे. सुमारे एक सेंटिमीटर जाडीचा हा थर सुकला की तो घासून गोलाईत आणला जाई आणि त्यावर बर्चचे दुसरे आवरण चढवून पट्टे पुन्हा आवळले जात. बाल्साला स्वतःची ताकद फारशी नसते. त्याचे काम दोन पातळ पण चिवट आवरणांना एकमेकांपासून ठरावीक अंतरावर धरून ठेवण्याचे, आणि त्यामुळेच वजन फारसे न वाढता भिंतीला ताठपणा येतो. धातूच्या पत्र्यावर असतात तसे रिव्हेट, म्हणजे ठोकून बसविलेले खिळे, येथे नसत. वरून ताणून बसविलेल्या व लेप दिलेल्या सुती कापडामुळे पृष्ठभाग गुळगुळीत राही आणि हवेचा रोध कमी होई.

या पद्धतीची खरी सोय दोन भाग जोडण्यापूर्वी दिसून येई. उघड्या अर्ध्या भागात कामगारांना, ज्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या, नियंत्रणाच्या तारा, नळ्या व विजेची जोडणी उभ्याने, दोन्ही हात मोकळे ठेवून बसविता येई. बंद धडात शिरून वाकडेतिकडे होण्याचा प्रसंग बराचसा टळे. त्यानंतरच दोन्ही कडा एकमेकींत बसवून चिकटविल्या जात. पंख मात्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सुमारे साडेसोळा मीटर, अखंड असे. त्याच्या आत स्प्रूस लाकूड व प्लायवूडच्या पोकळ पेटीसारख्या दोन लांब तुळया असत आणि मुख्य भार त्या पेलत.

अशा सांगाड्याला दोन मर्लिन इंजिने जोडून सिद्ध झालेली एफबी ६ ही लढाऊ-बॉम्बफेकी आवृत्ती सर्वाधिक संख्येने बनली. नाकात ०.३०३ इंची चार मशीनगन आणि पोटाखाली २० मिमीच्या चार तोफा होत्या. तोफांचे मागचे भाग बॉम्बच्या कप्प्यात घुसत असल्याने कप्प्याची मागची बाजूच दोन बॉम्बसाठी उरे, आणखी दोन पंखांखाली टांगले जात. चालक व मार्गनिर्देशक शेजारी शेजारी बसत. संरक्षणासाठी मागे तोंड केलेली बंदूक नव्हतीच. वेग हेच संरक्षण मानले होते. १८ फेब्रुवारी १९४४ रोजी फ्रान्समधील आमियाँ तुरुंगाच्या भिंती फोडण्यासाठी ही विमाने छपरांच्या उंचीवरून गेली, तेव्हा भिंतीला खिंडार पाडणे आणि आतले कैदी वाचविणे ही दोन परस्परविरोधी कामे एकाच हल्ल्यात साधावयाची होती; बरेच कैदी निसटले, पण शंभराच्या आसपास कैदी मारलेही गेले.

लाकडी विमानाचा सर्वांत कठोर हिशेब मात्र भारतात झाला. सुरुवातीला वापरलेला सरस दुधातील केसीनपासून केलेला होता. ओलाव्यात तो मऊ पडतो व त्यावर बुरशी धरते. म्हणून पुढे युरिया-फॉर्माल्डिहाइडचा कृत्रिम सरस आला, ज्यात एका पृष्ठावर राळ व दुसऱ्यावर ती घट्ट करणारे आम्लद्रव्य लावून दोन्ही दाबले जात. तरीही १९४४च्या ऑक्टोबरात भारतातून ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढणारी काही विमाने हवेतच मोडली आणि नोव्हेंबरात तेथील मॉस्किटोंना उड्डाणबंदी झाली. उष्ण, दमट हवा व पावसाळा यांवर दोष ठेवणे सोपे होते, आणि प्रथम तसे झालेही. पण पावसाळा न पाहिलेल्या, ब्रिटनमधल्याच विमानांच्या पंखांतही तसेच दोष सापडल्यावर तपासाचा रोख कारखान्यातील चिकटकामाकडे वळला. पृष्ठे नीट भिडली नसली, तर सरस चांगला असूनही सांधा कच्चा राहतो, आणि बंद पेटीच्या आतला असा सांधा बाहेरून निर्दोष दिसतो. उपाय शेवटी सुताराचाच निघाला: मुख्य तुळईवरून जाणाऱ्या आवरणाच्या जोडावर पंखाच्या लांबीभर प्लायवूडची पट्टी चिकटवून तो जोड बंद करण्यात आला.